घट्ट पाणी

अक्रोडाच्या झाडावरून तू पडलास
तेव्हा मी अंगणात पोती पसरत होते.
आवाज फळ पडल्यासारखा नव्हता,
उगाच कशाला खोटं सांगू,
माणूस पडल्यासारखाच होता.

तेलावीच्या इस्पितळात तेरा दिवस
नाकात नळी, डोक्याला पट्ट्या.
चौदाव्या दिवशी तू डोळे उघडून म्हणालास,
"शिडी."
मी रडले. वाटलं, आठवतंय याला सगळं.
मग खिडकीही शिडी झाली, नर्सही शिडी,
आणि मी, लामारा, जिच्या नावाने तू दर सणाला
पाऊण तास बोलायचास,
तीही शिडी.

चाळीस वर्षं, जुम्बेर,
चाळीस वर्षं पंगतीचा मुखिया तू.
वाइनचं शिंग भरून उभा राहायचास
मेलेल्यांसाठी, पाहुण्यांसाठी, अजून न जन्मलेल्या पोरांसाठी,
एकदा तर चोरीला गेलेल्या गाढवासाठी,
आणि माझं मटण गार व्हायचं.
मी दाराआड पुटपुटायचे,
देवा, या माणसाचं तोंड एकदा तरी बंद होऊ दे.
देव ऐकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दर मंगळवारी तेओना नावाची पोरगी येते,
गिळणं आणि बोलणं शिकवणारी.
तिने पाठकोऱ्या कागदावर घसा काढला:
ही वाट पोटाकडे, ही फुप्फुसाकडे,
मधे एक झडप, ती आता उशिरा मिटते.
"पातळ पाणी सगळ्यात लबाड," ती म्हणाली,
"ठसकाही न लागता भलतीकडे उतरतं."
आणि शब्द?
"शब्द गेले नाहीत, मावशी. घरातच आहेत.
किल्ली कुठल्या खिशात, ते त्यांना सापडत नाही."
मला पटलं नाही.
किल्ली शोधून दमलेला माणूस
इतकं स्वच्छ कसं बघेल माझ्याकडे?

तर, पाण्यात भुकटी ढवळायची, मधासारखं होईस्तोवर.
हनुवटी छातीला टेकवायची, मग गिळायचं.
जो मान मागे टाकून शिंग रिकामं करायचा
तो चमच्यापुढे मान खाली घालतो.
पहिल्या दिवशी तू वाटी भिरकावलीस
आणि एक शिवी हासडलीस. सबंध, स्पष्ट, व्याकरणशुद्ध.
तेओनाने टाळी वाजवली.
शिव्या म्हणे वेगळ्या खोलीत ठेवलेल्या असतात.

वर्षाने, ऑक्टोबरात, द्राक्षं तुडवली.
रसात पीठ शिजवून मी पेलामुशी केली, पोरांसाठी,
आणि पळी हातात धरून तशीच थांबले:
अगं, हे तर तेच. इतकंच घट्ट.
तुझ्या आईने शिकवताना सांगितलं होतं,
पळीवरून सावकाश पडलं पाहिजे, विचार करत.
सात चमचे खाल्लेस. मोजलेही तूच,
एकापासून सातपर्यंत, एकही आकडा न चुकता.
आठव्याला तोंड मिटलंस.

रात्री पंगत बसली. शिंग तुझ्या भावाकडे, गोचाकडे गेलं.
तो बरा बोलला, थोडक्यात.
जेवण गरम होतं.
मला गिळवेना.

आज सकाळी तुला सज्जात बसवलं.
शिडी अजून अक्रोडाला टेकून आहे,
काढायला कुणाचा हात धजत नाही.
तू तिच्याकडे बोट दाखवलंस. मग माझ्याकडे पाहिलंस.
मी वाट बघत राहिले,
माझेही ओठ हलले असतील.
"पाणी," तू म्हणालास.
पुन्हा, बोट शिडीकडेच: "पाणी."

तुला तहान लागली होती,
की शिडीचं नाव आता पाणी आहे,
कळलं नाही.
मी आत गेले. पेला भरला.
भुकटीच्या डब्यावर हात ठेवून
बराच वेळ झाकण उघडलं नाही.